वजन कमी करायचंय, पण वीकेंडला दोन पेगही हवेत? आधी हे गणित समजून घ्या

सोमवार ते शुक्रवार डाएट एकदम कडक. सकाळी चालणं, दुपारी भाकरी-पालेभाजी, रात्री सूप. शनिवारी मात्र ग्रुप जमतो, ग्लास भरले जातात आणि कोणीतरी सल्ला देतं, "बिअर सोड, व्हिस्की घे. व्हिस्कीत कार्ब्ज नसतात, वजन वाढत नाही."

हे कितपत खरं आहे? दारू पूर्ण बंद केल्याशिवाय वजन कमी होतच नाही का? की थोडी घेतली तर चालते? समजून घेऊ.

दारूत कॅलरी येतात कुठून?

व्हिस्की, रम, व्होडका किंवा जिनमध्ये साखर नसते, फॅट नसतं, हे बरोबर आहे. पण त्यात अल्कोहोल असतं आणि अल्कोहोलमध्येच भरपूर कॅलरी असतात.

१ ग्रॅम कार्बोहायड्रेट किंवा प्रोटीनमधून सुमारे ४ कॅलरी मिळतात. १ ग्रॅम फॅटमधून ९. आणि १ ग्रॅम अल्कोहोलमधून ७. म्हणजे कॅलरीच्या हिशोबात अल्कोहोल साखरेपेक्षा तेल-तुपाच्या जास्त जवळ आहे. त्यातून पोट भरत नाही, प्रोटीन मिळत नाही आणि जीवनसत्त्वंही जवळपास नसतात.

कशात किती कॅलरी?

भारतात मिळणाऱ्या बहुतेक व्हिस्की, रम, व्होडकाच्या बाटल्यांवर अल्कोहोलचं प्रमाण ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्यावरून हिशोब असा होतो:

- स्मॉल पेग (३० मिली): सुमारे ७० कॅलरी
- लार्ज पेग (६० मिली): सुमारे १४०
- क्वार्टर (१८० मिली): सुमारे ४२५
- वाईनचा एक ग्लास (१५० मिली): सुमारे १२०
- साध्या बिअरची मोठी बाटली (६५० मिली, ५ टक्के): सुमारे २७५
- स्ट्राँग बिअरची मोठी बाटली (८ टक्क्यांपर्यंत): ३५० च्या पुढे

हे सगळे अंदाजे आकडे आहेत. पण एक लार्ज पेग म्हणजे साधारण दीड पोळी आणि बिअरची एक मोठी बाटली म्हणजे जवळपास एक वडापाव, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गोव्याच्या फेणीलाही हाच नियम लागू होतो. ती काजूच्या बोंडापासून बनते म्हणून 'नैसर्गिक' म्हणता येईल, पण तिच्यातलं अल्कोहोल व्हिस्कीइतकंच असतं. उन्हाळ्यात मिळणारा हुर्राक फेणीपेक्षा बराच सौम्य. पण तो लिंबाच्या गोड थंड पेयात मिसळून पितात आणि ग्लास मोजले जात नाहीत. तिथे सौम्य असण्याचा फायदा संपतो.

खरी मेख: शरीर दारूचं काय करतं?

जास्तीची साखर शरीर साठवू शकतं, फॅटही साठवू शकतं. अल्कोहोल साठवायला मात्र जागाच नाही. शरीराच्या दृष्टीने ते विषारी द्रव्य आहे. त्यामुळे यकृत म्हणजे लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी अल्कोहोलचा निचरा करायला घेतं.

तोपर्यंत फॅट जाळण्याचं काम मागे पडतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ८ निरोगी पुरुषांना २४ ग्रॅम अल्कोहोल दिलं गेलं. आपल्याकडच्या मापाने हे दोन स्मॉल पेगपेक्षा थोडं जास्त. त्यातल्या ५ टक्क्यांहूनही कमी अल्कोहोलचं फॅटमध्ये रूपांतर झालं. पण त्या काही तासांत शरीरातलं फॅट जळण्याचं प्रमाण ७३ टक्क्यांनी घसरलं.

म्हणजे दारूची थेट चरबी फारशी होत नाही. पण दारूसोबत पोटात गेलेल्या तळलेल्या पदार्थांतलं फॅट मात्र जाळायला कोणी नसतं, ते साठवलं जातं. 'व्हिस्कीत कार्ब्ज नाहीत' हा सल्ला इथेच फसतो.

चखण्याचं काय?

दारूने भूक मरत नाही, उलट खवळते. २०१७ मध्ये उंदरांवर झालेल्या एका संशोधनात दिसलं, की मेंदूतल्या ज्या पेशी उपासमारीच्या वेळी भुकेचा इशारा देतात, त्याच अल्कोहोलमुळेही जाग्या होतात. शिवाय दोन पेगनंतर 'आता बास' म्हणणारा आतला आवाजही थोडा मंदावतो.

समोर काय असतं? ५० ग्रॅम मसाला शेंगदाण्यांत सुमारे २८५ कॅलरी, ५० ग्रॅम फरसाणात सुमारे २७०. म्हणजे मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांत दोन लार्ज पेगइतक्या कॅलरी. त्यानंतर चिकन चिली येतं, अंडा भुर्जी येते आणि रात्री साडेबाराला बिर्याणीची ऑर्डर जाते.

पेगमध्ये काय मिसळलं जातं, तेही मोजायला हवं. साखर असलेल्या कोलाच्या १५० मिलीत ६० हून जास्त कॅलरी असतात. टॉनिक वॉटर सोड्यासारखं दिसतं, पण त्यातही साखर असते. साध्या सोड्यात आणि पाण्यात शून्य.

एका शनिवारचा हिशोब

समजा, एखादी व्यक्ती रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खाते. आठवड्याला ३,५०० कॅलरींची तूट झाली. १ किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम वजन कमी व्हायला हवं.

आता शनिवारी तीन लार्ज पेग (४२५), त्यात कोला (१९०), शेंगदाणे (२८५) आणि फरसाण (२७०). एकूण १,१७०, तेही जेवण सोडून. आठवड्याच्या मेहनतीचा एक तृतीयांश भाग एका संध्याकाळी गेला.

अशी बैठक शुक्रवार, शनिवार आणि रविवार तिन्ही दिवस झाली, तर बेरीज ३,५१०. म्हणजे आठवडाभराची तूट पूर्ण भरून निघाली. 'एवढं डाएट करूनही काटा का हलत नाही' या प्रश्नाचं उत्तर अनेकदा इथे सापडतं.

त्याच शनिवारी दोन स्मॉल पेग साध्या सोड्यात (१४०), मूठभर फुटाणे (११०), एक भाजलेला पापड आणि काकडी-गाजर घेतलं, तर सगळं मिळून ३०० च्या आसपास राहतं. संध्याकाळ तीच, फरक जवळपास ९०० कॅलरींचा.

चार समज, चार उत्तरं

'रविवारी सकाळी वजन कमी दाखवतं, मग दारूने वाढतं कुठे?' दारूमुळे लघवी जास्त होते. कमी झालेलं असतं ते पाणी. खारट चखण्यामुळे पुढच्या एक-दोन दिवसांत काटा उलट वरही जातो. दोन्ही आकड्यांवर विसंबू नये.

'सकाळी जिममध्ये घाम गाळला की सगळं निघून जातं.' यकृत ताशी साधारण एका स्मॉल पेगइतकंच अल्कोहोल हाताळतं. घाम, कॉफी किंवा लिंबूपाणी यांनी हा वेग वाढत नाही. शिवाय व्यायामानंतर भरपूर दारू प्यायल्यास स्नायूंची दुरुस्ती मंदावते.

'दारूने झोप छान लागते.' झोप लवकर लागते, पण नंतर ती तुटक होते. दुसऱ्या दिवशी थकवा येतो, गोड आणि तळकट खावंसं वाटतं आणि चालायला जाणं टळतं.

'रात्री प्यायची आहे, म्हणून दिवसभर उपाशी राहतो.' हा सगळ्यात धोकादायक उपाय. रिकाम्या पोटी दारू झपाट्याने चढते आणि रक्तातली साखर खाली जाऊ शकते.

घ्यायचीच असेल, तर काय करावं?

- किती पेग घ्यायचे, ते बसण्याआधी ठरवा. तिसऱ्या पेगनंतर घेतलेले निर्णय टिकत नाहीत.
- घरी पेग मापाने भरा. अंदाजाने ओतलेला 'स्मॉल' बहुतेक वेळा स्मॉल नसतो.
- आधी नीट जेवा. डाळ, अंडी, पनीर, मासे असं प्रोटीन असलेलं जेवण झालं, की चखण्याकडे हात कमी जातो.
- दोन पेगच्या मध्ये एक ग्लास साधं पाणी प्या.
- चखणा वाटीत काढून घ्या. पाकीट समोर ठेवू नका.
- आठवड्यातले बहुतेक दिवस कोरडे ठेवा. पण सहा दिवसांचा कोटा एकाच रात्री संपवणं हा त्याचा अर्थ नाही.

अनेक मराठी घरांत गटारीनंतर श्रावणभर दारू बंद असते. वजनाच्या दृष्टीने हा चांगला प्रयोग ठरू शकतो, कारण दारूसोबत रात्रीचा चखणाही जातो. फक्त त्याची जागा उपवासाच्या तळलेल्या पदार्थांनी घेऊ नये.

कोणी अजिबात धोका पत्करू नये?

डायबिटीससाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये. साखर एकदम खाली गेल्याची लक्षणं, म्हणजे तोल जाणं, बोलणं अडखळणं, ही नशेसारखीच दिसतात. सोबतच्यांना वाटतं 'चढली असेल' आणि उपचाराला उशीर होतो.

वजन जास्त असणाऱ्या अनेकांना फॅटी लिव्हर असतं. अशा यकृतावर दारूचा भार पडला, तर नुकसान वेगाने होऊ शकतं. वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांनीही आपण किती पितो ते डॉक्टरांना खरं सांगावं. गरोदर स्त्रियांनी दारू पूर्ण टाळावी.

आणि वजनापलीकडचा मुद्दा. अल्कोहोलमुळे कॅन्सर होऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे वजनासाठी 'दोन पेग चालतील' हे गणित बसलं, तरी दोन पेग 'चांगले' ठरत नाहीत. जे पीत नाहीत, त्यांनी कोणत्याही फायद्यासाठी सुरू करायचं कारण नाही.

ठरवलेल्या आकड्यावर थांबता येत नसेल तर?

दोन ठरवून दरवेळी पाच होत असतील, रोज लागत असेल, घरच्यांपासून लपवावं लागत असेल, तर प्रश्न कॅलरीचा राहिलेला नाही. रोज भरपूर पिणाऱ्यांनी डाएटच्या जोशात दारू एका दिवसात बंद करू नये. हात थरथरणं, भास होणं, झटके येणं असे गंभीर त्रास होऊ शकतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

मदत उपलब्ध आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करतंय. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत होतात आणि तिथे नाव सांगावं लागत नाही.

थोडक्यात, दारू घेऊनही वजन कमी होऊ शकतं, पण तूट टिकली तरच. आणि ती टिकते की नाही, हे ब्रँडवर कमी आणि पेगची संख्या, त्यात काय मिसळलं आणि चखणा किती झाला यावर जास्त ठरतं.