तक्रार पोचली, पण कुणाला?

संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुकीला इंग्रजीत 'बग' म्हणतात. मला विचाराल तर त्याचं मराठी 'ढेकूण' असंच करावं. एक चिरडावा तर गादीखाली दहा हजर!

डेबियन नावाची एक संगणक-प्रणाली आहे. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ साली सुरू केलेली. जगभरची मंडळी हौसेने राबून ती चालवतात. आपल्याकडच्या गणेशोत्सवासारखंच, फक्त लाउडस्पीकर नाही. ढेकूण वाढू लागले तेव्हा १९९४ च्या सुमारास इयन जॅक्सन या दुसऱ्या इयनने तक्रारींचं दफ्तर उघडलं. तक्रार ई-मेलने पाठवायची, दफ्तराने तिला नंबर द्यायचा. (हा नंबर आता दहा लाखांच्या पुढे गेलाय.) मग एक प्रत त्या कामाच्या जबाबदार माणसाला आणि एक टपाल-यादीवर, म्हणजे यादीत नाव घातलेल्या झाडून सगळ्यांना. चार डोळ्यांपेक्षा चारशे बरे, हा हिशेब.

पण चारशे डोळे चारशे पत्रांनी दुखतातही! म्हणून आणखी दोन पत्ते निघाले. एकावर पाठवलेली तक्रार फक्त जबाबदार माणसाकडे जाते. दुसऱ्याचं नावच 'क्वाएट'. तिथली तक्रार नुसती दफ्तरी दाखल, कुणालाच पत्र नाही. शंख तोंडाला लावायचा, फुंकायचा मात्र नाही. आणि कित्येक वर्षं नियम असा, की तक्रारीच्या नंबरावर उत्तर धाडलं तर ते सगळ्या यादीला जायचं, पण मूळ तक्रारदाराला आपोआप जायचं नाही. त्याच्यासाठी पत्ता निराळा. आता बोला!

हसतोय खरा, पण आम्हीही तेच केलं. मी नोकरीत असताना आमच्या गटाने पगारपत्रकांचा प्रोग्रॅम केला होता. साहेबांच्या हुकमाने तक्रारवहीतली प्रत्येक हालचाल सर्वांना ई-मेलने जाऊ लागली. कुणी स्वल्पविराम सुधारला, पत्र. कुणी तो परत काढला, पत्र. आठवड्याभरात प्रत्येकाने या पत्रांसाठी वेगळा कप्पा केला आणि त्याकडे पाठ फिरवली.

एके दिवशी कारखान्यातला टाइमकीपर दारात उभा. हातात रात्रपाळीच्या कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या. प्रोग्रॅम ३१ तारखेचा ओव्हरटाइम धरतच नव्हता. महिना एकतीस दिवसांचा असला की त्या लोकांचे पैसे गेलेच.

"अहो, मग कळवायचं नाही का?" साहेब.

"तीनदा कळवलं, साहेब. तुम्हा सगळ्यांनाच पत्र गेलंय ना?"

मी हळूच कप्पा उघडला. अकराशे बारा पत्रं. त्याची तिन्ही होती त्यात. न उघडलेली.