शीतयुद्ध

शीतयुद्ध हा दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची संयुक्त संस्थाने व सोव्हिएत संघ या महासत्तांमध्ये सुमारे इ.स. १९४७ ते इ.स. १९९१ या काळात चाललेला राजकीय, लष्करी व वैचारिक संघर्ष होय. या महासत्तांनी एकमेकींविरुद्ध उघड युद्ध पुकारले नाही. मात्र कोरिया, व्हियेतनाम व अफगाणिस्तान येथील युद्धांत लक्षावधी लोक मारले गेले. त्यामुळे 'शीत' हे विशेषण मुख्यतः युरोपापुरतेच लागू पडते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये सोव्हिएत संघाने क्युबात आण्विक क्षेपणास्त्रे आणल्याचे उघडकीस आले व जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर पोचले. अखेर निकिता ख्रुश्चेव्ह यांनी ती मागे घेण्याचे मान्य केले. त्या बदल्यात जॉन एफ. केनेडी यांनी तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे हटवण्याचे गुप्तपणे कबूल केले होते. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले.