गणवेष उतरल्यानंतर
माजी सैनिक आणि आपल्या भगिनींची सेवापरंपरा

मराठी मुलुखाने लढवय्ये किती दिले याची गणती आपण अभिमानाने सांगतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, हेही आपणांस ठाऊक असते. परंतु जे कामी आले नाहीत, जे हात, पाय वा दृष्टी गमावून किंवा नुसतेच थकून गावी परतले, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्या इतिहासग्रंथांनी फारसा विचारलेला दिसत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास ते पुष्कळ अंशी स्त्रियांच्या कामात सापडते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख देण्याची आज्ञा मंडळाने केली, तेव्हा आम्ही हाच विषय निवडला.

त्याला एक स्थानिक कारणही आहे. जुनवानी हे एके काळचे खेडे आज वस्तीने भिलाईशी एकजीव झाले आहे. १९५५ च्या करारानंतर येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आधाराने देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे या परिसरात आली. आपण मराठी मंडळीही त्यांतलीच. या माणसांत पलटणीतून निवृत्त झालेले जवान आणि हवालदार पुष्कळ. वयाच्या पस्तिशी-चाळिशीत गणवेष उतरतो, मुले शाळेत असतात, निवृत्तिवेतन संसाराला पुरत नाही आणि मग दुसरी नोकरी शोधणे आले. बँकेच्या दाराशी अथवा वसाहतीच्या फाटकाशी उभा असणारा माणूस पुष्कळदा असाच कोणी असतो. आपण त्याला ‘भैया’ म्हणून हाक मारतो आणि पुढे जातो.

आता मूळ इतिहासाकडे वळू. १९१४ च्या नोव्हेंबरात हिंदी सैन्याची सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन इराकच्या किनाऱ्यावर उतरली. मेसोपोटेमियाची ही मोहीम आरंभी सोपी वाटली. परंतु १९१५ च्या डिसेंबरात हे सैन्य कुत-अल-अमारा येथे वेढले गेले आणि उपासमारीने जर्जर होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी त्याला शरणागती पत्करावी लागली. त्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. त्या मोहिमेतील जखमींची जी आबाळ झाली, तिची चौकशी करण्यासाठी पुढे विलायतेत आयोग नेमावा लागला. जे वाचले ते बोटींनी मुंबईस आले. मुंबईचे वस्तुसंग्रहालय, म्हणजे ती घुमटाची भव्य इमारत, तेव्हा नुकतीच बांधून झाली होती. तेथे पुराणवस्तूंच्या ऐवजी जखमी शिपायांच्या खाटा लागल्या. ज्या दालनांत आज आपण मुलांना मूर्ती दाखवतो, तेथे सातारा-रत्नागिरीची माणसे कण्हत पडली असतील, ही कल्पना मनाला चटका लावते.

या काळात मुंबई इलाख्यातील युद्धसाह्य निधीची एक स्त्रीशाखा काम करीत होती. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन या तिच्या प्रमुख. तिच्याद्वारे कपडे शिवून पाठविणे, पट्ट्या तयार करणे, रुग्णालयांना सामान पुरविणे अशी कामे चालत. या कामाकडे पाहताना भाबडेपणा नको. त्यात सरकारदरबारी वजन वाढविण्याची हौस होती आणि सैन्यभरतीला पोषक वातावरण निर्माण करण्याचा हेतूही होता. याच लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांना भाषण पुरे करू दिले नाही आणि लोकमान्य सभा सोडून निघून गेले. म्हणजे सैनिक हवे होते, पण सैनिक देणाऱ्या लोकांचे म्हणणे नको होते. हे सगळे मान्य करूनही शिवणकामाला बसलेल्या स्त्रियांच्या हातून जे घडले त्याचे मोल आम्हांस कमी वाटत नाही. जखमेवरची पट्टी कोणत्या हेतूने बांधली, हे जखमी माणूस विचारीत नाही.

तथापि या सर्व उद्योगातील चिरकाल टिकलेले काम निराळेच आहे. १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग हिंदी सैनिकांसाठी एक औद्योगिक शाळा निघाली आणि तिला क्वीन मेरी यांचे नाव देण्यात आले. काही वर्षांतच ती पुण्याजवळ खडकीला हलली आणि आज शंभराहून अधिक वर्षे झाली तरी तेथे चालू आहे. या शाळेमागील विचार समजून घेण्यासारखा आहे. आपला शिपाई बहुतेक शेतकऱ्याचा मुलगा. एक पाय गेला की नांगर गेला आणि एक हात गेला की मोट गेली. सरकारने थोडेबहुत वेतन दिले तरी खेड्यात असा माणूस भावाच्या घरी एक ओझे होऊन पडून राही. भाऊ चांगला असला तरी भावजयीच्या कपाळावरची आठी त्याला दिसेच. अशा माणसाला पुन्हा एखादा धंदा शिकवावा, त्याने स्वतःच्या मिळकतीवर ताठ मानेने गावी जावे, हा त्या शाळेचा उद्देश होता. शिवणकाम, विणकाम, यंत्रकाम, मोटार चालविणे असे विषय तेथे आले. मोटार ही त्या वेळी नवलाईची वस्तू होती आणि मोटार हाकणारा माणूस दुर्मीळ, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या निवडीतला व्यवहारीपणा कळतो. लोकरीचा गळपट्टा विणून पाठविणे आणि विणण्याचे यंत्र चालवावयास शिकविणे यांत जे अंतर आहे, ते या संस्थेने तेव्हाच कापले.

आज नाव उरले आहे ते गव्हर्नरांच्या पत्नीचे. ज्यांनी सुया ओवल्या, दारोदार वर्गणी मागितली, खाटेशी बसून कोणाची पत्रे लिहून दिली, त्या पारशी, गुजराती, मराठी स्त्रियांची नावे आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत. त्याच सुमारास पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळत होते. १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात शिकावयास जात. परक्या पुरुषाच्या जखमेला स्पर्श करणे हे त्या काळच्या ब्राह्मण विधवेसाठी केवढे धाडस होते, याची आज कल्पना येणे कठीण. लेडी विलिंग्डन यांच्यामागे सरकार होते. या मुलींच्या मागे केवळ रमाबाई होत्या. सेवासदनाचे काम सैनिकांपुरते नव्हते, हे खरे. पण परिचर्या हा भल्या घरच्या स्त्रीला शोभणारा व्यवसाय आहे, हे मराठी समाजाला त्याने पटविले नसते, तर पुढच्या युद्धांत लष्करी रुग्णालयांना आपल्या घरांतून मुली मिळणे अवघडच होते.

येथे एका अन्यायाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्या महार समाजाने कंपनी सरकारच्या काळापासून पलटणींत नाव काढले, त्याची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली. युद्धाची गरज पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली आणि गरज संपताच १९२१ साली ती मोडून टाकली. इतर शिपायाला निवृत्तीनंतर पलटणीचे नाव तरी उरे. यांना तेही उरले नाही. गावी परतल्यावर त्यांना पाणवठा निराळाच होता. त्यांचे सांत्वन करावयास कोणतीही समिती आली नाही. ते त्यांच्या घरच्या स्त्रियांनीच केले. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावात. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे आणि आपले छत्तीसगड २००० सालापर्यंत त्याच राज्यात असल्यामुळे इकडच्या जुन्या मराठी कुटुंबांना ते नाव परके नाही.

दुसऱ्या महायुद्धाची कहाणी आम्ही थोडक्यात सांगतो, कारण त्या काळी सुशिक्षित मराठी स्त्री बहुधा स्वातंत्र्याच्या चळवळीत होती आणि सैनिकसेवेचे काम इंग्रजांचे म्हणून तिला वर्ज्य होते. साताऱ्यात तर एकीकडे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार आणि दुसरीकडे इटलीत लढणाऱ्या मराठा पलटणी असे चित्र होते. दोन्हींकडे मुले एकाच मुलुखाची. त्या मुलखातल्या आयांनी हे कसे निभावले, याचा इतिहास कोणी तरी लिहावयास हवा. १९४४ साली पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र निघाले, हे त्या युद्धाचे आपल्या प्रांतास मिळालेले एक फलित.

स्वातंत्र्यानंतर सैनिक आपला झाला. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन साजरा होऊ लागला आणि शाळाकॉलेजांतील मुली छातीवर लावण्याची छोटी निशाणे घेऊन वर्गणीस निघू लागल्या. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून संरक्षण निधीत टाकले. १९६६ साली जवानांच्या पत्नींच्या कल्याणासाठी लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींची संघटना स्थापन झाली. १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ साली, मोहिनी गिरी यांनी दिल्लीत युद्धविधवांची संघटना उभारली. मानधन वा सत्कार यांपेक्षा विधवेला हक्काचे छप्पर आणि कमाई हवी, हा त्यांचा आग्रह होता आणि तो आम्हांस खडकीच्या शाळेमागील विचाराचाच पुढचा टप्पा वाटतो.

खडकीतच १९७४ साली, कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. पाठीच्या कण्याला गोळी लागलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा पुढे चाळीस-पन्नास वर्षे चाकांच्या खुर्चीत काढतो, हे त्या केंद्राचे वास्तव. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली; म्हणजे मधल्या ४६ वर्षांत आपण सारे कोठे होतो, असे विचारावेसे वाटते. पुण्यातील महिलामंडळे खडकीच्या केंद्रात राखीपौर्णिमेला आणि दिवाळीला जातात. ते चांगलेच आहे. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे वर्ष ३६५ दिवसांचे असते. ज्या भगिनी एखाद्या साध्या मंगळवारी जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवितात अथवा नुसत्या गप्पा मारतात, त्यांची छायाचित्रे कोठे छापून येत नाहीत.

अलीकडच्या काळात मुंबईच्या अनुराधा प्रभुदेसाई यांनी कारगिलच्या दर्शनाने प्रेरित होऊन ‘लक्ष्य फाउंडेशन’ काढले आणि जवानांविषयीची जाण घरोघर नेली. पुण्याच्या शिक्षिका सुमेधा चिथडे यांनी स्वतःचे दागिने विकून सियाचेनच्या जवानांसाठी प्राणवायूच्या प्रकल्पास प्रारंभ केला आणि लोकवर्गणीतून तो २०१९ साली पुरा झाला. या गोष्टी वाचकांस ठाऊक असतील म्हणून अधिक लिहीत नाही.

आम्हांस अधिक लिहावयाचे आहे ते एका रूक्ष वाटणाऱ्या विषयावर, म्हणजे कागदांवर. केंद्र सरकारच्या सेवेत आमचे आयुष्य गेल्यामुळे निवृत्तिवेतनाचे कागद आम्ही जवळून पाहिले आहेत. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. माहेरची शांता सासरी लक्ष्मी होते. जवानाने पलटणीत नोंदविताना घाईत ‘शांता’ सांगितले, पुढे आधारपत्रावर ‘लक्ष्मी’ आले, बँकेच्या पुस्तकात ‘लक्ष्मीबाई’ झाले. जवान हयात असेपर्यंत याची कोणास गरज पडत नाही. तो गेला की कुटुंबवेतनासाठी विधवा अर्ज करते आणि तेव्हा कळते की नोंदीतील पत्नी ती नव्हेच! मग प्रतिज्ञापत्र, जाहिरात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस, बेळगाव वा सागर येथील अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार आणि प्रयागराजच्या लेखा कार्यालयाची मंजुरी असा प्रवास सुरू होतो. आता तर ‘स्पर्श’ नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून वेतन येते आणि दर वर्षी हयातीचा दाखलाही तेथेच नोंदवावा लागतो. ज्या वृद्धेच्या बोटांचे ठसे भांडी घासून झिजले आहेत, तिचे बोट यंत्र ओळखत नाही. अशी एक बाई आमच्या परिचयाची होती. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात तिने दीड वर्ष हेलपाटे घातले आणि प्रत्येक खिडकीवर तिला तिचेच नाव पुन्हा पुन्हा विचारले गेले.

हे काम सरकारी कल्याण संघटक करतात. पण एका माणसाकडे सारा जिल्हा असतो. त्याहून महत्त्वाची अडचण अशी की, विधवा परक्या पुरुषापुढे घरातील गोष्ट मोकळेपणी सांगत नाही. माहेरचे नाव, लग्नाची तिथी, मुलाची खरी जन्मतारीख, दिराशी चाललेला जमिनीचा वाद हे सारे ती दुसऱ्या बाईलाच सांगते. आमच्या परिचयातील काही भगिनी गेली काही वर्षे हेच करीत आहेत. त्यांतील एक निवृत्त शिक्षिका आहेत, एकीचे यजमान स्वतः पलटणीत होते. दुपारचे काम आटोपल्यावर त्या अशा घरी जातात, ट्रंकेतून जुने कागद काढवितात, सेवापुस्तिकेतील नाव आणि आधारपत्रावरील नाव ताडून पाहतात. जवान हयात असेल तर तो हयात असतानाच त्याच्याकडून दुरुस्तीचा अर्ज लिहवून घेतात, कारण त्याची एक सही विधवेच्या दहा प्रतिज्ञापत्रांचे काम करते. भाषा मराठी, छत्तीसगढी, भोजपुरी कोणतीही असो, त्यांना चालते. नोव्हेंबर महिना आला की हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्यांना रिक्षात घालून नेणे हेही त्यांच्याकडेच असते. रिक्षाचे भाडे त्या आपल्या पदरचे देतात आणि वर घरी येऊन नवऱ्याचा स्वयंपाकही करतात. हे शेवटचे वाक्य त्यांच्यापैकी एकीने आम्हांस आवर्जून लिहावयास सांगितले आहे.