हेत्वारोप

जे आपोआप किंवा योगायोगाने घडले, त्यामागे कुणाचा तरी हेतू आहे असे धरून चालण्याची मनाची सवय. एरवी हा शब्द राजकारण्यांच्या भांडणात ऐकू येतो. मानसशास्त्रात त्याचा पसारा बराच मोठा.

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मेरिॲन सिमेल यांनी प्रेक्षकांना एक छोटा चित्रपट दाखवला. पात्रे तीन : दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ. तरी बहुतेकांनी सांगितली ती दांडगट मोठ्या त्रिकोणाची आणि घाबरलेल्या वर्तुळाची गोष्ट. या सवयीचे मूळ जीव वाचवण्यात असावे. दोरीला साप समजणारा दचकतो, एवढेच. सापाला दोरी समजणाऱ्याचे निभत नाही.

ही सवय किती महाग पडू शकते, हे पनवेलजवळच्या नेरे गावी कळते. तेथे कुष्ठरोग निवारण समितीची ‘शांतिवन’ ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. अशा वसाहतींची गरज एकट्या जंतूने निर्माण केलेली नाही. नॉर्वेच्या डॉ. हान्सेनने तो जंतू १८७३ मध्येच शोधला होता, आणि बहुतेक माणसांत त्याला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. पण लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीसही लागतात. रोग कुठून आला हे आठवणार तरी कसे? ती रिकामी जागा ‘पूर्वजन्मीचे पाप’ या उत्तराने भरली गेली. पुराणातल्या कृष्णपुत्र सांबालाही कुष्ठ झाले ते शापानेच. त्यात या रोगाने नसा बधिर झालेल्या. चुलीवरचे तपेले उतरवताना बोट भाजते, कळत नाही. फोड नंतर दिसतो. दुखलेच नाही, तर हा फोड आला कुठून? करणी म्हणायला जागा तयार.

तेव्हाच्या सुदानमधल्या अझांदे लोकांविषयी मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ मध्ये लिहिले. कणगीचे खांब वाळवीने खाल्ले म्हणून ती कोसळली, हे अझांदेंना ठाऊक होते. नेमकी हीच माणसे खाली बसलेली असताना का कोसळली, याचे उत्तर मात्र चेटूक. ‘माझ्याच वाट्याला का?’ हा आपल्याकडचा प्रश्न याच जातीचा.

कायद्यालाही सावकाशच जाग आली. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. घटस्फोटाचे कारण म्हणून हा रोग २०१९ मध्ये वगळला गेला. अंगावर बधिर, फिकट वा लालसर चट्टा दिसला तर सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावा. औषध मोफत मिळते. ते सहा ते बारा महिने घ्यावे लागते.