मुचलका आणि मनोरुग्ण : १८५८ ते २०१७

१८५८ साली खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला. आजचे देहूरोड स्थानक याच मार्गावर आहे. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा दिसला, की त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरले. डॉक्टरने दाखला दिला आणि मॅजिस्ट्रेटची खात्री पटली, की इस्पितळात रवानगी.

मात्र याच कायद्यात घराकडे जाणारी एक वाट होती. रुग्णाची नीट काळजी घेऊ, तो स्वतःला वा इतरांना इजा करणार नाही हे पाहू, अशी लेखी हमी नातेवाइकाने किंवा स्नेह्याने दिली, तर मॅजिस्ट्रेट रुग्णाला त्याच्या स्वाधीन करू शकत असे. १९१२ च्या कायद्यात या हमीने मुचलक्याचे रूप घेतले. १९८७ च्या कायद्यातही मुचलका टिकला. न्यायालयाच्या हुकमाने इस्पितळाबाहेर राहण्याचा आपल्याकडील जुना प्रकार तो हाच. इतिहासकाराने त्याला उदार म्हणण्याची घाई करू नये : हमी इजा टाळण्याची होती, बरे करण्याची नव्हे, आणि सारा भार घरच्यांवर होता.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९९९ साली वेगळा मार्ग धरला. उपचार सोडल्यामुळे वारंवार इस्पितळात जावे लागलेल्या किंवा हिंसेकडे वळलेल्या रुग्णाला, घरी राहूनही उपचार घेण्याचा आदेश तेथील न्यायालय देऊ शकते.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो मार्ग घेतला नाही. आज देहूरोड स्थानकावर एखादी आजारी, असहाय व्यक्ती भटकताना आढळली, तर पोलिसांना तिला कोठडीत टाकता येत नाही. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. ती बेघर असेल, तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणेही पोलिसांवर बंधनकारक आहे. मॅजिस्ट्रेट तिला तपासणीसाठी फार तर १० दिवस दाखल करू शकतात. त्यापुढे संमतीवाचून ठेवायचे, तर निव्वळ भटकणे पुरत नाही. स्वतःला वा इतरांना इजेचा अलीकडचा प्रयत्न किंवा धमकी, अथवा स्वतःला इजा होण्याचा धोका निर्माण होईल इतकी स्वतःची हेळसांड दिसावी लागते. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते. आणि मुदत आरंभी ३० दिवसांचीच.

घरी परतलेल्या रुग्णाने गोळ्या घेतल्याच पाहिजेत, असा न्यायालयीन आदेश या कायद्यात नाही. मुचलकाही उरलेला नाही. गोळ्यांची वेळ सांभाळणारी आई किंवा बहीण मात्र १८५८ पासून तीच आहे.