मताची पेटी आणि आपल्या आयाबाया

मित्रांनो, बायकांना मत कसं मिळालं हे पुस्तकात आहे. मी तोच इतिहास कुडाळच्या बाजूनं वाचतोय.

१९१७ साली सरोजिनी नायडूंबरोबर बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला माँटेग्यूला भेटलं. १९१९ ला हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला साक्ष द्यायला गेल्या. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे या चळवळीत होत्या. दगड नाही, लाठी नाही. नुसत्या सभा, अर्ज, ठराव. १९२१ साली मुंबई कौन्सिलनं बायकांना मत दिलं. त्या बायांची मेहनत मी नाकारत नाही.

पण मत कुणाला? जमिनीचा सारा, घरभाडं, इन्कमटॅक्स यांची अट पुरी करील तिला. दुसऱ्याच्या शेतात भात लावणारी आपली आई त्यात कुठं बसणार? त्यात कुडाळ सावंतवाडी संस्थानात. शेजारचं मालवण इंग्रजी अंमलात, कुडाळ राजाच्या. मुंबईचा ठराव कुडाळच्या वेशीबाहेरच राहिला.

१९३५ च्या कायद्यानं साक्षर बाईला आणि मिळकतवाल्या मतदाराच्या बायकोलाही मत दिलं. म्हणजे नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं मत! बिनसातबाऱ्याच्या माणसाची बायको बाहेरच.

बाबासाहेबांनी १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागितला होता. बाई असो, पुरुष असो, माणूस म्हणून मत. १९३१ मध्ये मोठ्या स्त्रीसंघटनांनीही प्रौढ मतच मागितलं. पण आपल्या बायांनी त्यात पोटाचा प्रश्न जोडला. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरेंच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. कायदेमंडळात राखीव जागा द्या आणि गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच नेमा, हे दोन्ही ठराव एकाच मांडवात झाले. मी गिरणीतला माणूस. साच्यावरच्या बाईला कौन्सिल कशाला लागतं, ते मला या ठरावांनी शिकवलं.

१९४८ ला सावंतवाडी संस्थान मुंबईत विलीन झालं. १९५० ला संविधान आलं. १९५१-५२ च्या निवडणुकीत कुडाळची मजूर बाई आणि मलबार हिलची बाई, दोघींना सारखंच एक मत.

तरी त्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच.

म्हणून वस्तीत जाल तेव्हा नुसत्या घोषणा देऊ नका. मतदारयादी घेऊन बसा. प्रत्येक बाईला तिचं स्वतःचं नाव बोटानं दाखवा. नसेल तर फॉर्म भरून घेतल्याशिवाय उठू नका.

जय भीम.