कालियादेह : शिप्रेच्या पात्रातील जलमहाल

उज्जयिनीच्या उत्तरेस सुमारे ८ किलोमीटरवर शिप्रा नदी दोन प्रवाहांत विभागते व मध्ये एक बेट राखते. किल्ल्याभोवती खंदक खणावा, ते काम येथे नदीनेच केले आहे. या बेटावरील कालियादेह महाल माळव्याच्या खिलजी सुलतानांच्या काळातील होय. त्याची उभारणी १४५८ साली महमूद खिलजीने केली, असे सांगितले जाते. १६१७ मध्ये येथे आलेल्या जहांगिराने मात्र आपल्या आत्मवृत्तात तिचे श्रेय नासिरुद्दीनाला दिले आहे. अकबर व जहांगीर यांच्या भेटींचे फारसी शिलालेख महालात आहेत. त्याहीपूर्वी येथे सूर्यमंदिर व ब्रह्मकुंड होते, अशी परंपरा आहे.

या वास्तूचे वैशिष्ट्य पाण्याच्या योजनेत आहे. नदीचे पाणी दगडी पाटांतून कुंडांमध्ये खेळवून ते पायरीपायरीने पुन्हा पात्रात सोडलेले आहे. माळव्याच्या उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून केलेली ही रचना होय. परंतु जे पाणी गारवा देते, तेच पावसाळ्यात पुराबरोबर गाळ आणते. पाट वेळच्या वेळी उपसले नाहीत, तर साचलेले पाणी चिरेबंदीच्या सांध्यांत मुरते. सांध्यांत रुजलेल्या पिंपळाची मुळे पुढचे काम करतात.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली आणि उज्जयिनीचे राजकीय महत्त्व ओसरले. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत महालाची मोडतोड झाली. पुढे १९२० मध्ये माधवराव महाराज शिंदे यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. त्यांनीच १९२३ मध्ये सवाई जयसिंहाच्या उज्जयिनीतील वेधशाळेची दुरुस्ती करविली.

एकाच राज्यकर्त्याने तीन वर्षांच्या अंतराने सावरलेल्या या दोन वास्तूंचे पुढील भाग्य मात्र भिन्न ठरले. वेधशाळेत वेध घेतले जाऊ लागले, पंचांग निघू लागले. तिला नित्याचे काम व काळजी घेणारी माणसे लाभली. कालियादेहाला असा नित्याचा उपयोग लाभला नाही आणि महाल पुन्हा पडझडीच्या वाटेला लागला.

जीर्णोद्धार एकदा होतो. जतन मात्र दरवर्षी करावे लागते. पावसाळ्यापूर्वी पाट उपसणे, रुजलेली रोपे मुळासकट काढणे, चुन्याने सांधे भरणे आणि शिलालेखांचे ठसे व छायाचित्रे घेऊन ती संग्रही ठेवणे, ही कामे मोठ्या समारंभाची नव्हेत. जुन्या पोथ्यांना वर्षातून एकदा ऊन दाखविणाऱ्यांना त्यांचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.